काच फुंकणाऱ्या कलावंताचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काचकामाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. वेळ कमी असेल तर प्रश्न ८ आणि ९ तरी वाचाच, कारण काच तडकल्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे आहे.

१. स्टुडिओ ग्लास म्हणजे काय? काच तर कारखान्यातही फुंकतात.

कारखान्यात आराखडा एकाचा असतो आणि फुंकणारे हात दुसऱ्याचे. एकाच नमुन्याच्या शेकडो वस्तू सारख्या उतराव्या लागतात. स्टुडिओत ज्याला कल्पना सुचली तोच भट्टीसमोर उभा असतो आणि काच मऊ आहे तोवर आपला बेत बदलू शकतो.

मूळ कला फार जुनी आहे. नळीने काच फुंकण्याची युक्ती इसवी सनपूर्व पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर निघाली. त्या सुरुवातीच्या काळातले टाकाऊ तुकडे जेरुसलेमच्या जुन्या शहरातल्या उत्खननात मिळाले आहेत. १२९१ मध्ये व्हेनिसने आगीच्या भीतीने भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या आणि पुढची कित्येक शतकं तिथलं कसब जगाला पुरून उरलं. मोठी भट्टी आणि कारागिरांचा ताफा असल्याशिवाय काच होत नाही, ही समजूत मात्र टिकून राहिली.

ती मोडली १९६२ मध्ये. अमेरिकेतल्या टोलेडो कलासंग्रहालयाच्या आवारात हार्वे लिटल्टन या मातीकामाच्या शिक्षकाने दोन कार्यशाळा घेतल्या. त्यांच्या छोट्या भट्टीत पहिली काच धड वितळलीच नाही. तेव्हा डॉमिनिक लॅबिनो या काच-संशोधकाने भट्टीची रचना सुधारली आणि फायबरग्लाससाठी तयार होणाऱ्या काचेच्या गोट्या वितळवायला सुचवल्या. हार्वे लीफग्रीन या निवृत्त कारागिराने नळी हातात घेऊन फुंकून दाखवलं. कलाशिक्षण, विज्ञान आणि कारखान्यातलं कसब अशी तिघांची विद्या त्या आवारात एकत्र आली. पुढे लिटल्टन यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात काचेचा अभ्यासक्रम उभा केला आणि तिथून ही चळवळ पसरली.

२. काच कशापासून करतात?

मुख्यतः वाळूपासून, म्हणजे सिलिकापासून. निव्वळ सिलिका वितळायला १,७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. सोडा मिसळला की ते बरंच खाली येतं. पण नुसती वाळू आणि सोडा यांची काच पाण्यात विरघळते, म्हणून चुना घालावा लागतो. या सोडा-लाइम काचेत साधारण ७० ते ७५ टक्के सिलिका असतं. बऱ्याच स्टुडिओत कच्ची भुकटी न मिसळता कारखान्यात आधीच वितळवलेले काचेचे खडे किंवा तुकडे विकत घेतात. त्यामुळे धूळ कमी होते आणि काच दर वेळी सारखी निघते. जुन्या बाटल्यांबद्दल प्रश्न १० पाहा.

३. भट्टी किती तापते?

स्टुडिओत तापमान तीन ठिकाणी सांभाळावं लागतं. काच साठवलेली मुख्य भट्टी काम चालू असताना ११०० ते ११५० अंशांवर असते, आणि नवा माल वितळवताना ती आणखी वर नेतात. दुसरी ग्लोरी होल. ही एका बाजूने उघडी, पिंपासारखी भट्टी साधारण १२०० अंशांची असते आणि अर्धवट झालेली वस्तू पुन्हा मऊ करायला वापरतात. तिसरा अनीलर, म्हणजे तयार वस्तू हळूहळू निववणारी पेटी. सोडा-लाइम काचेसाठी ती ४८० ते ५१० अंशांवर धरतात.

४. एक फुलदाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत कशी बनते?

नळीचं टोक आधी तापवून घेतात, कारण थंड लोखंडाला काच नीट धरत नाही. मग भट्टीचं दार उघडून ते टोक वितळलेल्या काचेत जेमतेम बुडवायचं, दोन-तीन वेढे द्यायचे आणि फिरवत फिरवतच बाहेर काढायचं. टोकाला नारिंगी गोळा येतो. तो लोखंडी पाट्यावर लोळवला की त्याची बाहेरची बाजू थोडी थंड होते आणि गोळा नळीच्या सरळ रेषेत येतो. पहिली फुंकर इथे मारायची. आत लहानसा बुडबुडा उमटला की थांबायचं.

भिंत जरा घट्ट होऊ द्यायची आणि त्यावर काचेचा दुसरा थर घ्यायचा. मोठ्या वस्तूला तिसरा, चौथाही लागतो. दर थरानंतर गोळा लाकडी ठोकळ्यात फिरवतात. हा ठोकळा चेरीसारख्या फळझाडाच्या लाकडाचा, आतून वाटीसारखा कोरलेला असतो आणि कायम पाण्यात बुडवून ठेवलेला असतो. ओल्या लाकडातून निघणारी वाफ काच आणि लाकूड यांच्यामध्ये राहते, त्यामुळे काचेवर ओरखडा पडत नाही. यानंतर माझं सगळ्यात आवडतं हत्यार येतं: ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी. ती तळहातावर ठेवून तापलेला गोळा सरळ हातात फिरवायचा. काच कुठे मऊ आहे आणि कुठे आखडली आहे, हे या घडीतून जितकं कळतं तितकं कुठल्याच धातूच्या अवजारातून कळत नाही.

मग बाकावर बसून जॅक या मोठ्या चिमट्यासारख्या अवजाराने नळीजवळ मान दाबून घेतात. वस्तू पुढे तिथूनच सुटणार असते. तळ फळीने सपाट करतात. एवढं झालं की जोडीदार पंटी आणतो. पंटी म्हणजे टोकाला थोडी गरम काच घेतलेली भरीव सळई. ती तळाच्या मध्यावर चिकटवायची, मानेच्या खाचेवर पाण्याचा थेंब सोडायचा आणि नळीला हलकी टकोर द्यायची. मान तुटते आणि फुलदाणी नळीवरून पंटीवर जाते. सगळ्यात जास्त वस्तू याच क्षणी हातच्या जातात. पंटी फार गरम असेल तर ती तळात रुतून बसते आणि पुढे सुटताना तळ फाडते. फार थंड असेल तर वस्तू जमिनीवर पडते. हा अंदाज पुस्तकात मिळत नाही. काचेचा रंग बघत आणि मनात मोजत तो बसतो.

आता तोंड मोकळं झालेलं असतं. ग्लोरी होलमध्ये ते तापवायचं, जॅकची टोकं आत घालून फिरवत रुंद करायचं, पुन्हा तापवायचं. मनासारखा आकार आला की पंटी तोडायची, तळावरची खूण बर्नरने गुळगुळीत करायची आणि जाड हातमोजे घातलेला जोडीदार ती अनीलरमध्ये ठेवतो. हे सगळं चालू असताना काच साधारण ५५० अंशांच्या खाली जाऊ द्यायची नसते, नाहीतर ती हातातच तडकते.

५. फुंकायला फुप्फुसं खूप दणकट लागतात का?

नाही. काच पुरेशी गरम असेल तर अगदी हलकी फुंकर पुरते, आणि नसेल तर जीव खाऊन फुंकूनही काही होत नाही. सुरुवातीला तर फुंकून लगेच नळीचं तोंड अंगठ्याने बंद करतात. आत अडकलेली हवा तापते, प्रसरण पावते आणि बुडबुडा आपोआप उघडतो. वस्तू पंटीवर गेल्यावर नळी उरत नाही. तेव्हा तोंडाकडून हवा द्यायला शंकूच्या आकाराचं टोक असलेली वाकडी नळी वापरतात.

या कामात श्वासापेक्षा उष्णतेचा अंदाज मोठा. दिवसभराच्या कामात प्रत्यक्ष फुंकण्याचा वेळ मोजला तर तो फिरवणं, तापवणं आणि वाट बघणं यांच्या पासंगालाही पुरणार नाही.

६. मग नळी एकसारखी का फिरवत राहता?

काच त्या वेळी द्रव असते. चमच्यावर घेतलेला मध सांडू नये म्हणून आपण चमचा फिरवत राहतो, तसंच हे. हात थांबला की गोळा एका बाजूला ओघळतो आणि केंद्र सुटतं. केंद्र एकदा सुटलं की एका बाजूची भिंत पातळ होते, आणि पातळ बाजू लवकर फुगते म्हणून ती आणखी पातळ होत जाते. फिरवण्याचा वेगही एकच नसतो. काच मऊ असताना तो एक असतो, आखडू लागली की दुसरा. नवशिक्याने पहिले काही आठवडे वस्तू करण्याचा हट्ट सोडून नुसता गोळा मध्यावर धरायचा सराव करावा, असं मी आग्रहाने सांगते.

७. हे काम एकट्याने करता येतं का?

पेपरवेट, लहान वाटी, साधा पेला एकट्याने होतो. त्यासाठी नळी टेकवायला आधार आणि पायाने उघडणारी दारं लागतात. मोठ्या कामाला चमू हवाच. मुख्य कारागिराला गॅफर म्हणतात. कोणी काच आणून देतो, कोणी दार सांभाळतो, कोणी फुंकतो, कोणी लाकडी फळी धरून गॅफरच्या हाताला धगीपासून वाचवतो. चांगल्या चमूत बोलणं फार कमी होतं.

‘स्वतः नळी धरली नाही तर ते त्या कलावंताचं काम कसं?’ असंही विचारतात. डेल चिहुली यांचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. १९७६ मध्ये एका मोटार अपघातात त्यांची डाव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि १९७९ मध्ये खांद्याला दुखापत झाली. त्यानंतर ते रेखाटनं करून, समोर उभं राहून चमूकडून काम करून घेऊ लागले. १९७१ मध्ये वॉशिंग्टन राज्यात पिलचक काचशाळा सुरू करणाऱ्यांत ते होते. १९७९ मध्ये मुरानोचे लिनो ताग्लियापिएत्रा तिथे शिकवायला गेले आणि बेटावर जपून ठेवलेल्या युक्त्या बाहेरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचल्या. माझ्या मते कल्पना आणि निर्णय ज्याचा, वस्तू त्याची. पण चमूतल्या लोकांची नावं सांगितली जायला हवीत.

८. तयार झालेली वस्तू त्याच दिवशी का मिळत नाही?

कारण ती तयार झालेली नसते. काच निवताना बाहेरचा थर आधी आखडतो आणि आतला नंतर. आतला भाग आकसू बघतो, पण बाहेरचा त्याला आकसू देत नाही. ही ओढाताण वस्तूत कायमची कोंडली जाते. सतराव्या शतकापासून प्रसिद्ध असलेले प्रिन्स रुपर्टचे थेंब हे त्याचं टोकाचं उदाहरण. वितळलेली काच पाण्यात टपकवली की लांब शेपटीचा थेंब बनतो. त्याच्या डोक्यावर हातोडा मारला तरी तो सहसा फुटत नाही, पण शेपटीचं टोक मोडलं की सगळ्या थेंबाचा क्षणात भुगा होतो.

हा ताण घालवण्यासाठी वस्तू अनीलरमध्ये आधी एका तापमानाला धरून ठेवतात. तिथे काच आकार सोडत नाही, पण आतला ताण सैल होतो. मग पावलापावलाने तापमान उतरवतात. ढोबळ नियम असा की जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट लागतो. पातळ पेल्याला एक रात्र पुरते, पण मुठीएवढ्या जाड भरीव शिल्पाला कित्येक दिवस लागतात. पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी कॉर्निंग कारखान्याने डिसेंबर १९३४ मध्ये ५ मीटरहून मोठ्या व्यासाचा आरसा ओतला. तो निववायला सुमारे दहा महिने लागले. म्हणून ‘उद्यापर्यंत द्या’ म्हणणाऱ्याला नाही म्हणावं लागतं.

९. अनीलरमधून नीट बाहेर आली, तरी काही महिन्यांनी आपोआप तडकली. असं का?

दोन कारणं संभवतात. एक म्हणजे निववताना घाई झाली आणि ताण शिल्लक राहिला. दुसरं, आणि जास्त फसवं, म्हणजे दोन न जुळणाऱ्या काचा एकत्र आल्या. प्रत्येक काच तापल्यावर वेगळ्या प्रमाणात प्रसरण पावते. स्टुडिओत वापरली जाणारी बरीचशी काच ‘९६’ म्हणून ओळखली जाते: एक मीटर लांबीची कांडी १०० अंशांनी तापली तर साधारण ०.९६ मिलिमीटर वाढते. मणी करायच्या इटालियन काचेचा आकडा १०४, तर बोरोसिलिकेटचा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या उपकरणांच्या काचेचा, ३३. अशा दोन काचा एकत्र वितळवल्या तर गरम असताना त्या छान एकजीव दिसतात. निवताना मात्र त्या वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. मग तडा लगेच जातो किंवा वर्षभराने जातो.

आकडे जुळले म्हणजे काळजी मिटली असंही नाही. दोन काचा कुठल्या तापमानाला घट्ट होतात तेही जुळावं लागतं, म्हणून नव्या रंगाची चाचणी करावीच. वस्तू दोन आडव्या-उभ्या पोलराइझिंग फिल्टरच्या मध्ये धरून प्रकाशात पाहिली की ताण असलेल्या जागा उजळ दिसतात. इतकी सोपी, स्वस्त चाचणी टाळू नये.

१०. जुन्या बाटल्या वितळवून फुंकता येतील का?

येतील, पण एकाच प्रकारच्या बाटल्या घ्या. वेगवेगळ्या मिसळल्या की प्रश्न ९ मधली अडचण उभी राहते. शिवाय बाटलीची काच यंत्रावर झटपट घट्ट व्हावी अशीच बनवलेली असते. त्यामुळे हाताने आकार द्यायला फार थोडा वेळ मिळतो. नेहमीचे काचरंगही तिच्याशी सहसा जुळत नाहीत.

११. काचेला रंग कसा देतात? वरून रंगवतात का?

वरून रंगवत नाहीत. रंग काचेतच असतो आणि तो धातूंमुळे येतो. कोबाल्टची अगदी कणभर मात्रा गडद निळा देते. तांब्यापासून मोरपंखी किंवा लाल, मँगनीजपासून जांभळा, लोहापासून हिरवट, सेलेनियम-कॅडमियमपासून पिवळा ते लाल. स्टुडिओत हे रंग कांड्या, बारीक खडे किंवा पूड अशा रूपात मिळतात. गरम गोळा त्यावर लोळवायचा आणि वर पारदर्शक काचेचा थर घ्यायचा.

सोन्यापासून येणारा माणिकरंग मला अजूनही थक्क करतो. काच झपाट्याने थंड केली तर ती जवळजवळ रंगहीन राहते. पुन्हा तापवली की सोन्याचे अतिसूक्ष्म कण जमू लागतात आणि लाली डोळ्यांदेखत चढते. चौथ्या शतकातला रोमन लायकर्गस चषक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. समोरून उजेड पडला तर तो हिरवा दिसतो, आतून पडला तर लाल. त्याच्या काचेत सोन्या-चांदीचे तसेच कण आहेत.

१२. बुडबुडे दिसले म्हणजे माल कमी प्रतीचा?

बारीक, विखुरलेले बुडबुडे काच पूर्ण न वितळल्याचं लक्षण असू शकतात. त्यांनी वस्तू कमजोर होतेच असं नाही. मुद्दाम अडकवलेले बुडबुडे रांगेत किंवा नक्षीत असतात. खरी काळजी करावी ती पांढऱ्या अपारदर्शक कणाची. तो भट्टीच्या भिंतीचा किंवा न वितळलेल्या मालाचा तुकडा असतो आणि त्याच्याभोवती तडा जाऊ शकतो.

१३. भट्टी रात्रीही चालू ठेवता. ही उधळपट्टी नाही का?

भट्टीत ज्या भांड्यात वितळलेली काच साठवतात ते वारंवार निवलं आणि तापलं तर तडकतं, आणि पुन्हा तापवायला कित्येक दिवस जातात. म्हणून भट्टी महिनोन्‌महिने पेटती राहते, रात्री फक्त तापमान थोडं उतरवतात. इंधन खूप जातं, हे खरं आहे आणि त्याची टोचणी आम्हाला आहे. निघून जाणाऱ्या धगीवर आत येणारी हवा तापवणं, चांगलं उष्णतारोधन, विजेची भट्टी यांनी फरक पडतो. पण सगळ्यात मोठा फरक पडतो तो वाटून घेण्याने. बरेच कलावंत स्वतःची भट्टी न ठेवता दुसऱ्याच्या स्टुडिओत तासांवर जागा घेतात. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी हाच मार्ग सुचवते.

१४. शरीराला धोका किती?

भाजणं सगळ्यांना दिसतं. ५०० अंशांची काच मात्र थंड काचेसारखीच दिसते, म्हणून स्टुडिओत कुठलीही काच गरमच समजायची. भाजलं तर ताबडतोब २० मिनिटं गार वाहतं पाणी, बर्फ नाही. कपडे सुती घाला, कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो.

न दिसणारे धोके जास्त गंभीर आहेत. भट्टीतल्या अवरक्त किरणांनी वर्षानुवर्षांत मोतीबिंदू होतो. काचकारागिरांचा हा आजार ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच व्यवसायजन्य मानला गेला. भट्टीसमोर अवरक्त किरण अडवणारा चष्मा हवा. टॉर्चवर, म्हणजे भट्टीऐवजी टेबलावरच्या ज्योतीवर, काम करणाऱ्यांचा डिडिमियम चष्मा सोडियमची पिवळी झळाळी कापतो, पण तेवढ्याने अवरक्त किरण पुरेसे अडत नाहीत. तिसरा धोका सिलिकाच्या धुळीचा. ती फुप्फुसात कायमची बसते. कोरडा झाडू मारू नका, ओल्याने पुसा. घासकाम पाण्याखालीच करा आणि रंगाची पूड हाताळताना योग्य मास्क लावा.

१५. टॉर्चवर काम करणारेही काच फुंकणारेच का?

भट्टीऐवजी ते ज्योतीवर काचेच्या कांड्या आणि नळ्या वितळवतात. बहुधा बोरोसिलिकेटच्या, कारण ती तापमानातला फरक सहज सोसते. प्रयोगशाळेतली उपकरणंही अशीच बनतात. हे काम बारीक असतं, एकट्याने टेबलावर बसून होतं. ते कमी दर्जाचं मानणाऱ्यांनी हार्वर्डमधली काचेची फुलं पाहावीत. लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या बापलेकांनी १८८७ ते १९३६ या काळात ४,००० हून अधिक नमुने घडवले. वडील १८९५ मध्ये गेल्यावर मुलाने काम एकट्याने चालू ठेवलं.

१६. शिकायला किती काळ लागतो?

पहिल्याच दिवशी मदतीने पेपरवेट होतो. स्वतःच्या हाताने सरळ भिंतीचा, सारख्या जाडीचा साधा पेला जमायला मात्र काही वर्षं जातात. मी रंग सुरुवातीला हाती देत नाही. रंग चुका झाकतो, पारदर्शक काच सगळं दाखवते. एकच पेला पुन्हा पुन्हा करा आणि करून झाल्यावर एक उभा कापून बघा. भिंतीची जाडी कुठे चुकली ते तिथे कळतं.

१७. तळाला पंटीची खूण असेल तर वस्तू हाताने केलेली, असं धरावं का?

पुरावा म्हणून ती उपयोगी आहे, पण पुरेशी नाही. चांगल्या कामात ही खूण घासून पुसून टाकतात, त्यामुळे ती नसणं यंत्राचं लक्षण नव्हे. उलट साच्यात फुंकलेल्या वस्तूलाही पंटी लावलेली असू शकते. साच्याची जोडरेघ, भिंतीच्या जाडीतले बारीक फरक आणि तोंडाची कड एकत्र बघा. कापून घासलेली कड सपाट असते, आगीवर संपवलेली गोलसर.

१८. हाताने केलेल्या पेल्यात उकळतं पाणी ओतलं तर चालेल?

सोडा-लाइम काच असेल तर टाळा. जाड तळ असलेला पेला पातळ पेल्यापेक्षा लवकर फुटतो, कारण आतली बाजू तापते आणि बाहेरची थंडच राहते. धुण्याच्या यंत्रातही घालू नका.

१९. तयार होऊन थंड झालेली वस्तू पुन्हा गरम करून फुंकता येते का? फुटलेली जोडता येते का?

फुटलेली वस्तू वितळवून पूर्वीसारखी होत नाही, ती चिकटवावी लागते. अखंड वस्तू मात्र पुन्हा तापवता येते, फक्त सरळ ज्वाळेत धरायची नाही. ती विजेच्या पेटीत तासन्‌तास हळूहळू ५०० अंशांच्या वर न्यायची, मग नळीच्या टोकावरच्या गरम काचेने उचलून ग्लोरी होलमध्ये न्यायची. स्वीडनच्या ऑरेफॉर्श कारखान्यात १९१६ च्या सुमारास विकसित झालेलं ग्राल तंत्र यावरच उभं आहे. आधी रंगाचे थर चढवलेला लहान गोळा करून निववतात आणि थंड असताना त्यावर नक्षी कोरतात. मग तो पुन्हा तापवून वर पारदर्शक काच घेतात आणि फुगवतात. कोरलेल्या कडा मऊ होतात, चित्र काचेच्या आत राहतं आणि वस्तू वाढेल तसं ताणत जातं. म्हणून कोरतानाच ते किती आणि कुठल्या बाजूला ताणलं जाणार याचा हिशेब करावा लागतो. पुन्हा तापवताना जुना गोळा आणि नवी काच जुळणारी आहे ना, हे प्रश्न ९ प्रमाणे आधी तपासून घ्या. नंतर प्रश्न ८ प्रमाणे निववायला जास्त वेळ धरा, कारण भिंत आता दोन वेळच्या काचेने जाड झालेली असते.